रविवारची शार्वी

रविवार शार्वीला सोसत नसे.

रोज शाळेतून आल्यावरही ती घरी जरा हरवलेलीच असायची, पण रविवारी सकाळी उठल्यापासून तिच्या पायाला भिंगरी लागायची. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारात, दारातून पुन्हा स्वयंपाकघरात. फ्रीज उघडायची आणि कशाला उघडला हे विसरून तशीच उभी राहायची. कोथिंबीर निवडायला दिली तर पानं आणि देठं एकाच ताटात जायची. एरवी शाळेत फळ्यावरचं गणित लिहून व्हायच्या आत तोंडी उत्तर सांगणारी ही पोरगी रविवारी मात्र "मम्मी, तू आत्ता काय म्हणालीस?" असं एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा विचारायची.

"वय आहे तिचं," ऋतुजा शेजारणींना सांगायची. शेजारणींना ते पटायचं. ऋतुजाला पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून तीही तेच धरून बसली होती.

त्या रविवारी तिचा नवरा संग्राम घरी होता. तो पुण्यात विजेच्या बसगाड्यांच्या डेपोत देखभाल विभागाचा प्रमुख होता आणि आठवड्याच्या शेवटी कराडला यायचा. माणूस प्रेमळ, पण घाईचा. समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकलं की उरलेलं तो स्वतःच पुरं करून टाकायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं करायचा.

"मंगळवारी प्रवेशपरीक्षा," पोहे खाता खाता तो म्हणाला. "दहावी एकदा पुण्यात झाली की पुढचं सगळं सोपं. शार्वी, भीती वाटतीय का?"

"मला असं वाटतंय की तिथं..." शार्वी थांबली. शब्द शोधत तिनं खिडकीकडं पाहिलं.

"तिथं सगळी हुशार पोरं असणार. असू देत की. तू काय कमी आहेस?" संग्रामनं वाक्य पुरं केलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

तिला ते म्हणायचं नव्हतं हे ऋतुजाला दिसलं. पण संग्रामच्या चेहऱ्यावरचा आनंद इतका नवा होता की त्याला टाचणी लावायचं तिच्या जिवावर आलं. हाच बाप पूर्वी नात्यातल्या लग्नाला निघताना शार्वीला आजोळी सोडून जायचा. मांडवात कुणीतरी मार्क विचारणार, आणि मग आपण काय सांगायचं, याची त्याला धास्ती असायची. तो तिच्यावर कधी ओरडला नाही. फक्त तिला बरोबर न्यायचा नाही. आता तो डेपोतल्या माणसांना तिचे निकाल दाखवत फिरत होता.

शार्वीला पूर्वी काय होत होतं हे नीट सांगायला हवं, कारण त्यावरच सगळं उभं आहे. तिला ऐकू येत होतं, दिसत होतं, समजही होती. घोडं पेंड खात होतं ते वेगापाशी. आपला मेंदू बोलणं सलग ऐकत नाही. तो त्याचे बारीक तुकडे करतो आणि एकेक तुकडा पुढच्याशी जोडत जातो. त्यासाठी मेंदूतल्या पेशी एका तालात जाग्या होतात आणि क्षणभर विसावतात. बोलण्याचा ताल आणि पेशींचा ताल जुळला तर वाक्य कळतं. जरा मागेपुढे झालं की एखादा तुकडा निसटतो, आणि तो शोधेपर्यंत पुढचे दोन निघून जातात. अशा मुलांना लोक मंद म्हणून मोकळे होत. ती मंद नसत, ती उशिरा पोचत.

त्यात काळ असा आला होता की प्रत्येक पोराच्या मनगटावर एक बोलकं यंत्र शिकवणी घेत होतं. हुशार मुलं त्याच्याबरोबर सुसाट निघाली. उशिरा पोचणारी आणखीच मागं राहिली, कारण यंत्र न रागावता पुन्हा सांगत असलं तरी दर वेळी तुकडा तिथंच निसटत होता.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. शलाका बेंद्रे यांनी लयपट्टी बनवली ती याच मुलांसाठी. कपाळावर बांधायची मऊशी पट्टी. सुरुवातीचे काही आठवडे ती फक्त ऐकायची. या मेंदूचा स्वतःचा ताल कोणता, पुढचा तुकडा घ्यायला तो नेमका कधी तयार होतो, हे टिपायची. ते कळलं की मग कामाला लागायची. मेंदू तयार होण्याच्या त्या क्षणी विजेचा अगदी हलका, जाणवणारही नाही असा टोला द्यायची. महिनोन्महिने असे टोले बसले की पेशींना ती वाट पाठ व्हायची, मग पट्टी काढून ठेवली तरी चालायचं.

कराडच्या नदीकाठच्या एका शाळेत ऋतुजा घोरपडे विशेष शिक्षिका होती. तिच्याकडं अशी सात मुलं होती, त्यात तिची स्वतःची मुलगीही. प्रयोगासाठी पट्ट्या मिळाल्या आणि वर्षभरात वर्गाचं रूपच पालटलं. सुफियान मुल्ला, ज्याला सूचना दोनदा सांगूनही वही कुठली काढायची हे कळायचं नाही, तो आता इतर मुलांना भूमिती समजावत होता. त्याची आई शिवणकाम करायची. एकदा ती गणवेशाची मापं घ्यायला शाळेत आली. "म्याडम, पोरगं वर्गातल्या पोरांची मापं घेतंय बघा. येक बी चुकत न्हाई. मी आडून बघून घेतलं," असं म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला. ऋतुजाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चढू नये असं काहीच तोवर घडलं नव्हतं.

मंगळवारी पुण्याच्या शाळेत शार्वीला एका छान, थंड खोलीत एकटीला बसवलं. प्रत्येक मुलाला वेगळी खोली, म्हणजे कुणाचा कुणाला त्रास नको. आई-बाप बाहेर बाकावर बसले. संग्राम दर थोड्या वेळानं उठून पाणी पिऊन येत होता.

वेळ संपल्यावर तिथल्या मुख्याध्यापिकांनी दोघांना आत बोलावलं. त्यांनी पेपर पुढं ठेवला. पहिलं उत्तर सुंदर होतं, मोत्यासारखं अक्षर, एक पायरी चुकलेली नव्हती. त्याच्यापुढं सगळा पेपर कोरा.

"ती घाबरली असेल," ऋतुजा म्हणाली.

"मलाही आधी तसंच वाटलं," बाई म्हणाल्या. त्या भल्या होत्या, त्यांना वाईट वाटत होतं. "पण मी कॅमेऱ्यातून बघत होते. घाबरलेलं मूल चुळबुळतं, खाडाखोड करतं. ही पहिलं उत्तर लिहून पेन धरून बसली होती. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी."

 परतीच्या भाड्याच्या गाडीत, खंबाटकी घाट उतरल्यावर संग्रामनं विचारलं, "मुद्दाम केलंस का?"

"नाही पप्पा. मी पहिलं लिहिलं. मग..."

"मग कंटाळा आला."

"मग पुढचं येईना."

त्यानं मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लग्नाच्या मांडवातला तो जुना भाव आला, आणि तो शार्वीनंही पाहिला. ऋतुजाला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला की तिनं मुद्दाम शार्वीचा हात हातात घेतला, त्याला दिसेल असा.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं शार्वीला पुण्याहून आणलेला तोच पेपर वर्गात दिला. तो तिनं निम्म्या वेळात पुरा सोडवला. मग ऋतुजानं तिला रिकाम्या शिक्षकखोलीत नेऊन बसवलं आणि तसाच दुसरा दिला. पहिलं उत्तर आलं. त्यानंतर शार्वीनं पेन टेकवलं आणि ती दाराकडं बघत बसली.

ऋतुजा तडक वर्गात गेली. तिनं सुफियानला त्याच खोलीत एकट्याला बसवलं. त्याला पहिलंही आलं नाही. "मॅडम, हितं कसंतरी हुतंय," तो म्हणाला. "वर्गात जाऊ का?"

तिनं तिथूनच डॉ. बेंद्रेंना फोन लावला.

बेंद्रे दोन दिवसांत आल्या. पन्नाशीच्या, काटक, बोलताना सतत काहीतरी हातात फिरवणाऱ्या. त्यांनी सातही मुलांना पट्ट्या बांधल्या आणि शाळेभर त्यांची अदलाबदल सुरू केली. कुणी प्रयोगशाळेत, कुणी वाचनालयात, कधी दोघं एकत्र, कधी शार्वी वगळून सगळी. मुलांना गंमत वाटत होती. ऋतुजाला बसवत नव्हतं. ती व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होती आणि शिपाईमामा तिला पुन्हा पुन्हा चहाचं विचारत होते.

संध्याकाळी मुलं गेल्यावर बेंद्रेंनी पडद्यावर रेघा दाखवल्या. सात मुलांच्या सात रेघा. एकत्र बसलेली असताना त्या एकाच वेळी चढत होत्या, एकाच वेळी उतरत होत्या.

"एकाचे विचार दुसऱ्याला कळतात, तसलं काही डोक्यात आणू नका," त्या म्हणाल्या. "प्रत्येक जण आपापलं उत्तर आपणच काढतो. पण चाल एक आहे. शेजारच्याचा श्वास, कागदाची सळसळ, बाकावरची हालचाल, एवढ्यावर त्यांचे मेंदू एकमेकांना धरून चालतात. सगळ्यांच्याच मेंदूत हे थोडंफार होतं, भजनात, कवायतीत. इथं ते इतकं घट्ट बसलंय की एकटं पडलं की ताल सुटतो. आणि दुसऱ्या वर्गातल्या मुलांबरोबर जुळतही नाही. यांना हेच सात जण लागतात." पेनाचं टोपण त्यांनी काढलं, घातलं, पुन्हा काढलं. "घोरपडे मॅडम, सुरुवातीचे ऐकायचे आठवडे तुम्ही कसे घेतलेत?"

 सूचना स्पष्ट होत्या. एकेका मुलाला शांत खोलीत एकटं बसवा. पण ऋतुजाच्या वर्गखोलीच्या एका अंगाला मैदान होतं आणि दुसऱ्या अंगाला खिचडीचं स्वयंपाकघर, शांत खोली आणायची कुठून? शिवाय या मुलांना एकटं बसवलं की ती गोठून जायची, तोंडातून शब्द फुटायचा नाही. मग पट्टी ऐकणार काय?

"मी पाढे म्हणायला लावले," ती म्हणाली. "सगळ्यांना एकत्र. आमच्याकडं म्हणतात तसे. एकानं पुढं सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. त्यात ती मोकळी होतात."

"पुढं कोण सांगत होतं? रोज वेगळं मूल?"

"नाही. शार्वी."

"रोज?"

"रोज." ऋतुजाला खोटं बोलता आलं असतं, पण समोर त्या रेघा होत्या. "माझी मुलगी आहे म्हणून. तिला एकदा तरी सगळ्यांच्या पुढं उभं राहिलेलं बघायचं होतं मला."

बेंद्रे रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या खुर्चीवरून उठल्या आणि खोलीत फेऱ्या मारू लागल्या. त्यांना आनंद आवरत नव्हता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. पट्टीनं सांगितलेलं काम चोख केलं होतं. मेंदू पुढचं घ्यायला केव्हा तयार होतो ते शिकायचं, एवढंच तिला ठाऊक. बाकीच्या सहा जणांचे मेंदू शार्वीचा आवाज आला की तयार व्हायचे. शार्वीचा मेंदू एक ओळ सांगितली की मागून येणारा गलका ऐकून पुढच्या ओळीला तयार व्हायचा. पट्टीनं तेच टिपलं आणि वर्षभर टोले देऊन तेच पक्कं केलं. म्हणून पुण्याच्या त्या थंड खोलीत शार्वीनं एक ओळ सांगितली होती आणि मागून कुणी म्हणेल याची वाट बघितली होती.

"सोडवता येईल?" ऋतुजानं विचारलं.

"येईल. पण एकेकाला. ज्याला सोडवायचं त्याला काही महिने वेगळं बसवून पट्टी नव्यानं शिकवायची, या खेपेला खरोखर एकटं. आत्ताच्या जोरावरच ते मूल वर चढेल, आणि बाकीच्यांची पाळी येईपर्यंत त्यांची ही साखळी शाबूत हवी. आणि साखळी शार्वीच्या जिवावर उभी आहे. तिला आधी काढलं तर उरलेली सहाही जणं कोसळतील. एकदा पार कोसळली की पट्टीला पकडायला तालच सापडायचा नाही. रेकॉर्ड केलेला आवाज लावून बघितला मी दुपारी. चालत नाही."

"मग तिला शेवटी काढू."

बेंद्रे थांबल्या. "ती सगळ्यांत मोठी आहे. सोळाच्या पुढं मेंदूची ही माती वाळायला लागते. शेवटपर्यंत थांबली तर तिच्यात पट्टी धरेलच असं मी सांगू शकत नाही. थोडं राहील, थोडं जाईल. कदाचित सगळंच जाईल." त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं. "आत्ता काढली तर तिचं नक्की होईल. तिचं एकटीचं."

घरी येऊन ऋतुजानं संग्रामला फोनवर सगळं सांगितलं. त्यानं पहिल्यांदाच तिचं वाक्य मध्ये तोडलं नाही. मग तो म्हणाला, "यात विचार कसला करायचा? आपल्या पोरीचं आधी."

"आणि ती सहा?"

"त्यांचे आई-बाप आहेत ना. हे बघ, तुझी चूक झाली, मान्य. पण त्याचं प्रायश्चित्त तू घे, पोरीला कशाला घ्यायला लावतीस?"

 तो बरोबर बोलत होता आणि तरीही ऋतुजाला त्याच्या बोलण्याची चीड येत होती. रात्रभर तिनं कूस बदलली. एकदा वाटलं, गपचूप शार्वीचं आधी करून घ्यावं, बेंद्रे कुणाला सांगायच्या नाहीत. मग सुफियानच्या आईचा पदर आठवला.

शनिवारी तिनं पालकांना बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. चूक कुणाची, ती कशी झाली, शार्वीला पुढं का उभं केलं होतं, सगळं. ती बोलणी खायच्या तयारीनंच आली होती. एका बापानं खुर्ची मागं सारली आणि तो बाहेर निघून गेला. एका आईनं "तरीच" एवढंच म्हटलं. बाकीच्यांना पुरतं उमगेपर्यंत वेळ गेला. मग सुफियानच्या आईनं विचारलं, "म्हंजी आता तुमची शार्वी आधी सुटून पुण्याला जाणार का?"

आवाजात राग नव्हता. त्यामुळंच ते ऋतुजाला जास्त लागलं. "अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

"ठरलं की सांगा. पोराला परत पहिल्यासारखं ऱ्हायची सवय करायला पायजे. त्यो आता चारचौघांत बोलतोय वो."

संध्याकाळी संग्राम आला. बॅग ठेवायच्या आधी म्हणाला, "मी सोमवारी रजा टाकलीय. बेंद्रेबाईंशी बोलू आणि सुरू करून टाकू."

"शार्वीला विचारायचंय आधी," ऋतुजा म्हणाली.

"विचार की. सोमवारी शाळेत विचार. तिथं डोकं चालतं तिचं. घरी काय विचारणार, रविवारी तिला कोथिंबीर निवडता येत नाही."

ऋतुजा हातातला तवा तसाच धरून उभी राहिली. दोन दिवस तिच्या मनात काहीतरी टोचत होतं, ते आत्ता तिला नीट दिसलं.

"शाळेत नाही विचारायचं," ती म्हणाली. "तिथं ती सातांच्या चालीनं विचार करते. तिथं उत्तर झटकन येईल, हुशारीचं येईल, पण ते तिचं एकटीचं आहे का हे तुम्हाला सांगता येईल? मला नाही येणार. तिचं स्वतःचं डोकं रविवारचं आहे. तेच विचारावं लागेल."

"ते डोकं तिचं आयुष्य ठरवणार? ज्याला धड..."

"हो. ते हळू आहे, अहो. खोटं नाही."

संग्राम तिच्याकडं बघत राहिला. त्याच्याकडं बोलायला बरंच होतं, हे ओठांवरून दिसत होतं. पण तो बॅग घेऊन आत गेला.

रविवारी सकाळी नेहमीसारखी भिंगरी सुरू झाली. गॅलरी, दार, स्वयंपाकघर. ऋतुजानं शार्वीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. एकेक वाक्य, मध्ये जागा सोडून. शार्वीनं दोन ठिकाणी "परत सांग" म्हटलं आणि ऋतुजानं परत सांगितलं. आधी कोण सुटेल, कोण कोसळेल, शेवटी राहिली तर तिचं स्वतःचं काय होऊ शकेल. काहीही गोड करून सांगितलं नाही. संग्राम खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत उभा होता.

"आता तू सांग," ऋतुजा म्हणाली. "कसं करायचं?"

शार्वीनं तोंड उघडलं. "मला..."

पुढं काही येईना. तिनं टेबलावरची मिठाची डबी सरळ केली, मग तिरकी केली. पायानं खुर्चीचा पाय ठोकू लागली. ऋतुजाला ते बघवेना. आपल्याला हवं ते उत्तर तिच्या तोंडात घालावं की उलट, हेही तिला ठरवता येत नव्हतं. तरी न राहवून ती म्हणाली, "म्हणजे तुला असं म्हणायचंय का की..."

संग्रामनं हात वर करून तिला थांबवलं. त्यानं खुर्ची ओढली आणि शार्वीच्या समोर बसला. बोटं वाजवायची बंद केली.  मध्ये एकदा त्याचे ओठ हलले, पण त्यानं ते मिटून घेतले. डेपोत शंभर माणसांना हाकणारा हा माणूस टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि त्याला ते किती जड जातंय हे ऋतुजाला दिसत होतं. बाहेर भंगारवाल्याची गाडी ओरडत आली आणि निघूनही गेली.

"पंगतीत," शार्वी म्हणाली, आणि थांबली. "पंगतीत ना. आपलं झालं तरी... सगळ्यांचं व्हायच्या आधी उठत नाहीत."

तिनं मिठाची डबी पुन्हा सरळ केली.

"मी पुढं बसले होते," ती म्हणाली. "मी उठले तर सगळ्यांना उठावं लागेल. सुफियानचं अजून ताटात आहे. मी शेवटी."

संग्रामनं खाली बघितलं. मग त्यानं विचारलं, "आणि शेवटी तुझं नाहीच झालं तर गं बाळा? परत पहिल्यासारखं झालं तर?"

शार्वीनं विचार केला. तो जुना, जड, अडखळणारा विचार, ज्याची लाज वाटून पूर्वी तिला लग्नकार्यांच्या वेळी आजोळी ठेवलं जायचं. संग्राम तिच्या चेहऱ्यावरून नजर न काढता बसून राहिला. ऋतुजाला रडू येत होतं आणि तिनं ते आवरलं नाही.

"मग तुम्ही असंच विचारायचं पप्पा," शार्वी म्हणाली. "असं. बसून."

"विचारीन," तो म्हणाला.